गाठ १४ मिलिमीटरची, ठेव ८ लाखांची

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे. ॲसिडिटीसाठी केलेल्या एंडोस्कोपीत जठरात १४ मिलिमीटरची गाठ दिसली. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत ती स्नायूच्या थरातली निघाली, ‘जिस्ट’ (पचनमार्गाच्या भिंतीतली, पुढे कर्करोगाची होऊ शकणारी गाठ) असू शकते म्हणाले. डॉक्टरांच्या मते वर्षाला तपासत राहा किंवा दुर्बिणीतून काढून टाका, घाई नाही. पुण्याच्या रुग्णालयाने २ लाख २५ हजार सांगितलेत. आईचा विमा नाही. १६ महिन्यांपूर्वी तिच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८ लाख ठेवलेत, माझी ३ लाखांची एफडी आहे. एजंट म्हणतो, रिपोर्ट न दाखवता पॉलिसी घ्या, दोन वर्षांनी ऑपरेशन करा. बायकोच्या कंपनीच्या विम्यात एप्रिलमध्ये सासू-सासऱ्यांना घेता येतं, पण ३८ हजारांचा हप्ता जड वाटतो. आई म्हणते, पाटल्या विका. – एक वाचक, कराड

उत्तर : पाटल्या आईच्या हातातच राहू द्या.

एजंटाचं अजिबात ऐकू नका. गाठ कागदावर आली आहे. ती लपवून घेतलेल्या पॉलिसीवर पहिल्या पाच वर्षांत कधीही दावा नाकारला जाऊ शकतो, आणि फसवणूक ठरली तर पाच वर्षांनंतरही. खरं सांगून घेतली, तरी आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

८ लाखांची ठेवही मोडू नका. त्यातून थोडी रक्कम निघत नाही, खातं अख्खं बंद करावं लागतं. दोन वर्षांच्या आत बंद केलं की दीड टक्का, म्हणजे १२ हजार कापतात. शिवाय ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे १६,४०० हा आईचा पगार आहे.

माझं लक्ष अडकलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या ३८ हजारांवर. कंपनीच्या समूह विम्यात बहुतेक वेळा आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात. बायकोने एचआरकडून हे मेलवर लेखी घ्यावं. सोबत विचारावं : आई-वडिलांच्या दाव्यात आपला वाटा किती, आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा किती? वाटा २० टक्के असला, तर बिलातले तुमचे ४५ हजार आणि ३८ हजारांचा हप्ता मिळून ८३ हजारांत काम होतं. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली, तर मात्र बरीच बिलं त्या प्रमाणात कापली जातात, हे आधीच ध्यानात ठेवा.

पण एप्रिलपर्यंत थांबायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. २ सेंटिमीटरखालच्या अशा गाठीवर नजर ठेवणं मान्य मार्गच आहे. कडा वेड्यावाकड्या असल्या किंवा आत पोकळ्या दिसल्या, तर मात्र चित्र बदलतं. डॉक्टरांना थेट विचारा, ‘आमच्या रिपोर्टात यातलं काही आहे का, एप्रिल चालेल का?’ ते ‘नको’ म्हणाले, तर विमा विसरा आणि एफडीवर कर्ज काढा. बँक साधारण ९० टक्क्यांपर्यंत देते, व्याज एफडीच्या दरापेक्षा टक्का-दीड टक्का जास्त, आणि एफडी चालूच राहते.

दरम्यान आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचं मोफत उपचारांचं सरकारी कार्ड, काढून ठेवा. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. पण त्यात उपचारांची ठरलेली यादी असते. ही प्रक्रिया तिथे बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

आणि तो अंदाजाचा कागद पुन्हा काढा. स्नायूतली गाठ दुर्बिणीतून सोलून काढताना जठराला भोक पडू शकतं. ते बहुधा आतूनच क्लिपा लावून बंद करतात. नाही जमलं तर लॅप्रोस्कोपी. तो खर्च २ लाख २५ हजारांत आहे का? गाठीच्या तपासणीचं, त्यातल्या विशेष रंगचाचण्यांचं बिल वेगळं येणार का? काउंटरवरच्या माणसाकडून दोन्हींची उत्तरं त्याच कागदावर लिहून, शिक्का मारून घ्या.