शंखपुष्पीचा नमुना 'अपुरा' म्हणून परत आला – माझं उत्तर (जरा लांबलंय)

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी ठसठस पुन्हा सुरू झाली. 'वनस्पती आणि मानवी जीवन' हा प्रकल्प, त्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली शंखपुष्पीची पुडी, आणि ही वनस्पती नेमकी कोणती याच्या ओळख-प्रमाणपत्रासाठी पाठवल्यावर 'नमुना अपुरा' असा शेरा मारून परत आलेलं पाकीट. आता दुसरीकडे लवकर सही कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या बाबतीत शेरा बरोबर आहे, राग मानू नका. वाळलेल्या चुऱ्यावर कुणी झटकन सही देत असेल तर तिथे मुळीच जाऊ नका.

झाडं अन्न देतात, ऑक्सिजन देतात ही प्रस्तावना तुम्ही लिहालच, त्यात मी पडत नाही. पण खरा विषय तुमच्या पुडीतच आहे. शंखपुष्पी म्हणून आपल्याकडे निदान तीन वनस्पती वापरल्या जातात. आपल्या माळावरची निळ्या फुलांची विष्णुक्रांता, म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. आयुर्वेदिक औषधकोशाने मान्य केलेली कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस. आणि केरळकडे चक्क गोकर्ण. पहिल्या दोघी रताळ्याच्या कुळातल्या, वाळल्या की सख्ख्या बहिणी. त्यांना वेगळं करायचं तर फूल उघडून भिंगाखाली धरायचं. कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये एकच कुक्षीवृंत (फुलाच्या मधोमध, बीजकोशावर उभी असलेली बारीक काडी) आणि टोकाला दोन कुक्षी (पराग धरणारी टोकं) दिसतात. इव्हॉल्व्ह्युलसमध्ये कुक्षीवृंतच दोन, आणि प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे. पुडीत हे दिसणार कुठून?

'एवढं काय बिघडतं' असं कुणी म्हणालं तर त्याला बेल्जियमची गोष्ट सांगा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये स्टेफानिया या चिनी वनौषधीऐवजी मिळत्याजुळत्या चिनी नावाची विषारी अॅरिस्टोलोकिया गेली. शंभरावर बायकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, अनेकींची तर निकामीच झाली. प्रस्तावनेत हे घाला, परीक्षक जागा होईल.

आता माझं गाऱ्हाणं. एमएस्सीला असताना मी हीच विष्णुक्रांता घेतली होती. फुलं नाजूक म्हणून वेगळ्या कागदी पाकिटात घालून ते पाकीट हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) कागदाला टाचलं आणि सप्टेंबरात एका कार्यालयात रीतसर शुल्कासह दिलं. (नाव घेत नाही. खाली ज्या संस्था सांगतोय त्यांच्यापैकी ते नव्हे.) मग साहेब दौऱ्यावर, मग साहेब रजेवर, मग 'फाईल वर गेलीय'. फेब्रुवारीत पत्र आलं: 'नमुन्यास फूल नसल्याने ओळख निश्चित करता येत नाही.' नमुना परत घेतला तर टाचणीची दोन भोकं जागच्या जागी होती, फुलांचं पाकीट गायब! खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "पाकीट होतं याचा पुरावा काय?" पोचपावतीवर नुसतं 'नमुना १' लिहिलेलं. तोवर माळ वाळून, चरून साफ झाला होता. वर्ष गेलं, शुल्कही गेलं.

म्हणून सांगतो, एकाच रोपगटाचे तीन संच करा. तिन्हींना एकच संग्रह-क्रमांक द्या आणि एक संच कुणालाही देऊ नका. पोचपावतीवर 'फुलाफळांसह' असं त्यांच्याकडूनच लिहून घ्या. टेबलापलीकडचा माणूस वैतागेल, वैतागू द्या. फुलांचा रंग जागेवरच वहीत टिपा, वाळल्यावर निळा टिकत नाही. विष्णुक्रांतेची फुलं दुपारनंतर मिटतात, तेव्हा माळावर सकाळीच जा. पावसाळी हवेत वर्तमानपत्राचे कागद रोज बदलले नाहीत तर बुरशी ठरलेली. जुन्या पुस्तकांत कीड लागू नये म्हणून पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण लावायला सांगतात. ते घरी अजिबात करू नका, जहाल विष आहे. आणि संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय काडीही उचलू नका.

फोनवरच्या अॅपबद्दल माझं मत कडवट आहे. प्रजातीपर्यंत (इंग्रजीत जीनस) पोचायला बरं, पुढे नेमकी जात (स्पीशीज) ठरवायला विश्वास ठेवू नये. निदान पानाची मागची बाजू आणि फुलाचा देठाकडचा भाग तरी टिपत चला. सगळे वरूनच फोटो काढतात.

कुठे जायचं? पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम. शुल्क आणि नियम बदलत असतात, आधी विचारून मगच जा. पण त्याआधी कॉलेजातल्या जुन्या प्राध्यापकांना गाठा. प्रमाणपत्र देता आलं नाही तरी भिंग हातात देऊन शिकवतील, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं.

मी वैद्य नाही, त्यामुळे त्या पुडीचं काय करायचं ते विचारू नका. खाऊ मात्र नका.

प्रकल्प मार्चमध्ये द्यायचा असेल तर शंखपुष्पीचा हट्ट सोडा आणि अडुळसा घ्या. कुंपणाला सहज सापडतो, हिवाळ्यात फुलतो, ओळखायला सोपा. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्सिन तयार झालं, म्हणजे 'मानवी जीवना'चा भागही आपसूक येईल. फक्त मार्गदर्शकांना आधी विचारा, काहींना विषय बदललेला खपत नाही.