हिवाळ्याच्या तोंडावर फुलपाखरं बघताना

पाऊस संपल्यावर फुलपाखरं बघायला सुरुवात करताय, हे छानच. सह्याद्रीच्या पायथ्याशी ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलपाखरं भरपूर असतात. मात्र पहाटे निघू नका. अंग तापल्याशिवाय ती उडत नाहीत. साडेआठ-नऊला पंख पसरून ऊन खात बसतात, तेव्हा गाठा.

जागा? सुकू लागलेला खुळखुळा (हे एक रानझुडूप) शोधा. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो या फुलपाखरांचे नर त्यावर गर्दी करतात. मादीला आकर्षित करणारा गंध बनवायला त्यातली अल्कलॉइड्स (वनस्पतीतली रसायनं) लागतात.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- मागे धावणं. थांबा, बसू द्या, मग वाकून हळू सरका. आपली सावली पडली की ते उडालंच.
- फक्त वरून फोटो काढणं. मिटलेल्या पंखांची खालची बाजूही हवीच.
- पावसाळी रूपाच्या चित्राशी ताडून बघणं. काही जाती पावसाळ्यात वेगळ्या दिसतात, कोरड्या दिवसांत वेगळ्या. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच! पीकॉक पॅन्सी या फुलपाखराच्या पंखांच्या खालच्या बाजूचे डोळ्यांसारखे ठिपके आता नाहीसे होतात, पंखांच्या कडा टोकदार होतात आणि मिटलं की ते चक्क वाळकं पान दिसतं. कॉमन इव्हनिंग ब्राउनचंही तसंच. नवी जात सापडली असं समजू नका.
- प्रत्येक केशरी फुलपाखरू प्लेन टायगर ठरवणं. मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर. वरच्या कडेला एकच असेल तर डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या जातीची मादी.

चिमुकली निळी फुलपाखरं आणि स्किपर (झपकन उडणारी छोटी फुलपाखरं) यंदा सोडून द्या. आधी मोठ्या फुलपाखरांच्या वीसेक जाती पक्क्या करा.