बोलायला शिकवणारे येन्स सर

गेल्या अंकात वक्तृत्व स्पर्धांवरच्या एका उत्तरात मी जर्मनीतल्या वाल्टर येन्स यांचं नाव जाता जाता घेतलं होतं, तिकडे युनिव्हर्सिटीत वक्तृत्वाचे प्रोफेसर होते, एवढंच. त्या एका ओळीवर इतके मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्यांच्यावरचेच घेतलेत. प्रश्न थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी सेकंड इयर बीएला आहे, गिरगावात राहते, शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा करतेय. आमच्याकडे वक्तृत्व म्हणजे सर भाषण लिहून देणार, आपण पाठ करायचं, कुठल्या वाक्याला हात वर करायचा तेसुद्धा ठरलेलं. याचा प्रोफेसर असतो म्हणजे तो शिकवतो तरी काय? आणि हे येन्स कोण?

उत्तर : असतो गं. आणि तुझ्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे, ते शेवटी सांगते.

येन्स यांचा जन्म 8 मार्च 1923चा, हॅम्बुर्गचा. लहानपणापासून जबरदस्त दमा. त्या दम्यामुळेच त्यांना सैन्यात घेतलं नाही, म्हणजे बरोबरीची मुलं युद्धावर गेली आणि हे ग्रीक नाटकं वाचत बसले. 1944 मध्ये, युद्ध चालू असतानाच, फ्रायबुर्गला सोफोक्लीसच्या नाटकांवर पीएचडी केली. तिकडे प्रोफेसर व्हायचं तर पीएचडीनंतर अजून एक मोठा प्रबंध लागतो, तो त्यांनी 1949 मध्ये ट्युबिंगेनला केला, वय फक्त 26, विषय रोमन इतिहासकार टॅसिटस आणि स्वातंत्र्य. ट्युबिंगेन म्हणजे नेकार नदीकाठचं छोटंसं गाव, पण युनिव्हर्सिटी 1477 सालची. तिथेच ते आयुष्यभर राहिले. मधल्या काळात कादंबऱ्या लिहिल्या, युद्धानंतरच्या जर्मन लेखकांचा जो प्रसिद्ध ग्रुप 47 होता त्यात होते, एका मोठ्या साप्ताहिकात मोमोस या टोपणनावानं वर्षानुवर्षं टीव्हीवरच्या कार्यक्रमांची समीक्षा लिहिली (मोमोस हा ग्रीकांचा दोष काढणारा देव). आणि 1963 मध्ये त्यांच्यासाठी ट्युबिंगेनला वक्तृत्वशास्त्राचं अध्यासन सुरू झालं, जर्मनीत दुसरीकडे कुठेच असं नव्हतं. 1988 पर्यंत ते त्या खुर्चीवर होते.

आता शिकवायचं काय? जुन्या ग्रीक-रोमन लोकांनी भाषणाचे पाच टप्पे सांगितलेत. आधी काय बोलायचं ते शोधायचं, मग ते मांडायचं कुठल्या क्रमानं, मग त्याला शब्द द्यायचे, मग लक्षात ठेवायचं, आणि शेवटी उभं राहून बोलायचं. आता तुझी स्पर्धा आठव. पहिले तीन टप्पे सरांनी घरी बसून केले, तुझ्या वाट्याला फक्त शेवटचे दोन आले, पाठांतर आणि हातवारे. मी बऱ्याच आंतरकॉलेज स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलेय, दिवसाला तीस-पस्तीस भाषणं ऐकते, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण मुलं हुशार असतात, आवाज छान असतो, पण समोरचं पोरगं त्या विषयावर स्वतः काय म्हणतंय ते सात मिनिटांत एकदाही कळत नाही.

येन्सचा एक नमुना सांगते. 1975 मध्ये त्यांचं एक पुस्तक आलं, ज्युडासच्या खटल्याचं. ज्युडास म्हणजे येशूला पकडून देणारा, दोन हजार वर्षं गद्दार या शब्दालाच त्याचं नाव. तर पुस्तकात एक धर्मगुरू अर्ज करतो की ज्युडासला धन्य जाहीर करा (संतपदाच्या आधीची पायरी), कारण त्यानं पकडून दिलं नसतं तर पुढचं काही घडलंच नसतं, कोणीतरी ते करायलाच हवं होतं आणि त्यानं ते अंगावर घेतलं. पटो न पटो, ज्याच्या बाजूनं कोणी तोंड उघडत नाही त्याच्या बाजूनं उभं राहून बोलायचं, हा खरा व्यायाम. तू असं कर, कैकेयीची बाजू पाच मिनिटं मांडून बघ. कोणाकडून लिहून घेऊ नकोस.

प्रश्न : मी दादरला राहतो, निवृत्त शिक्षक. प्लेटोपासून सगळे तत्त्वज्ञ वक्तृत्वाच्या विरोधातच दिसतात. मग तत्त्वज्ञानाच्या देशात हा विषय युनिव्हर्सिटीत घुसला कसा?

उत्तर : सर, तुमचं बरोबर आहे. प्लेटोच्या गॉर्गियास संवादात सॉक्रेटिस वक्तृत्वाची तुलना चमचमीत स्वयंपाकाशी करतो, जिभेला बरं वाटतं पण तब्येतीचं काय ते वैद्यालाच ठाऊक. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं 1790च्या ग्रंथात तर स्पष्ट लिहिलं की लोकांच्या कमकुवतपणाचा फायदा घेणारी ही कला जराही आदराला पात्र नाही. जर्मनीत पूर्वी हा विषय शिकवला जायचा, नंतर तो मागे पडत पडत जवळजवळ गेलाच. तत्त्वज्ञ नीत्शेची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला 1872-73च्या हिवाळ्यात त्यांनी ग्रीक आणि रोमन वक्तृत्वावर लेक्चर्स ठेवली आणि वर्गात आले दोन विद्यार्थी, त्यातही एक जर्मन साहित्याचा आणि एक कायद्याचा, त्यांच्या स्वतःच्या विषयाचा, म्हणजे ग्रीक-लॅटिनचा, एकही नाही. पण त्याच सुमारास, 1873 मध्ये, सत्य म्हणजे रूपकांची एक चालती फौज आहे असं सांगणारा छोटा निबंध त्यांनी लिहिला, आणि त्या दोन पोरांसमोर केलेली तयारी त्यात स्पष्ट दिसते असं मला तरी वाटतं.

येन्सनी हा विषय परत आणला तो टॅसिटसच्या वाटेनं. टॅसिटसचा एक संवाद आहे, वक्ते पूर्वीसारखे का राहिले नाहीत यावर. त्यातून निघणारं एक उत्तर असं की प्रजासत्ताक गेलं, एकच माणूस सगळं ठरवू लागला, मग पटवून कोणाला द्यायचं? उरतं ते फक्त गुणगान. येन्सनी बारा वर्षं हिटलरचं राज्य बघितलं होतं, लाऊडस्पीकरवरचं ओरडणं ऐकतच मोठे झाले होते. त्यामुळे जर्मन लोकांनी भाषणकलेचीच धास्ती घेऊन ती सोडून द्यावी हे त्यांना मान्य नव्हतं, उलट प्रत्येक नागरिकाला ती आली तर एकट्याच्या ओरडण्याला उत्तर मिळेल असं त्यांचं म्हणणं. मला हे मनापासून पटतं.

प्रश्न : ताई, मी विलेपार्ल्याहून लिहितेय. तुमच्या लेखानंतर सर्च केलं तर हे गृहस्थ नाझी पक्षाचे मेंबर होते असं दिसलं! तुम्ही ते का लपवलंत? अशा माणसाचं नाव मुलांपुढे घ्यावं का?

उत्तर : लपवलं नाही, पण एका ओळीत नाव घेतलं आणि हे सांगितलं नाही, ही चूक माझी. आता नीट सांगते.

आधी त्यांची दुसरी बाजू, कारण ती माहीत नसेल तर या गोष्टीचं वजन कळत नाही. येन्स हे पश्चिम जर्मनीत लोकांच्या विवेकाचा आवाज मानले जायचे. लेखकांच्या पेन संघटनेचे अध्यक्ष, नंतर 1989 ते 1997 बर्लिनच्या कला अकादमीचे अध्यक्ष, पूर्व आणि पश्चिमेच्या दोन अकादम्या एकत्र झाल्या त्या काळात. 1980च्या दशकात मुटलांगेनला अमेरिकेची पर्शिंग अणुक्षेपणास्त्रं आणली तेव्हा हे प्रोफेसर रस्त्यावर बसले आणि कोर्टानं दंड केला. आखाती युद्धाच्या वेळी सैन्य सोडून आलेल्या अमेरिकन सैनिकांना नवरा-बायकोनं घरात आसरा दिला. फुटबॉल संघटनेच्या पंचाहत्तरीला, 1975 मध्ये, भाषणाला बोलावलं तर तिथेही फुलं उधळून न येता खेळाबद्दल चार टोचणाऱ्या गोष्टी बोलून आले. म्हणजे देशाला सतत प्रश्न विचारणारा माणूस, की तुम्ही तेव्हा काय करत होतात, आता काय करताय.

आणि 2003 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, जर्मन भाषेच्या अभ्यासकांचा एक मोठा कोश तयार होत असताना कागद सापडले. वाल्टर येन्स, नाझी पक्षाचं सदस्यत्व, 1942. त्या वेळी वय 19. येन्स म्हणाले, मला आठवत नाही, मी अर्ज केल्याचं आठवत नाही, आपोआप नाव गेलं असेल. यावर खूप वाद झाला, सही केल्याशिवाय असं नाव जात नव्हतं असं म्हणणारे अभ्यासक होते, आणि काही जण त्यांच्या बाजूनंही बोलले.

मी सांगते मला काय वाटतं. हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकत होते त्या वर्षांत मी त्यांचा एक उतारा मोठ्यानं वाचायचा सराव केला होता, कुठे श्वास घ्यायचा त्या जागी पेन्सिलनं छोट्या छोट्या रेघा मारून, आणि तो कागद माझ्याकडे अजून आहे, पिवळा पडलाय, रेघा दिसतात. दम्याच्या माणसानं लिहिलेली वाक्यं म्हणून मी त्या रेघांकडे वेगळ्या नजरेनं बघायचे. एकोणीस वर्षांच्या पोरानं त्या दिवसांत, त्या हवेत, सही केली असेल तर त्यासाठी मी त्याला फासावर चढवणार नाही. पण साठ वर्षं होती हो. साठ वर्षं हातात माईक, समोर भरलेले हॉल. एकदा, एका भाषणात, स्वतःहून म्हणायचं होतं की मीही त्यातला होतो, आणि मला ते कसं गोड लागलं ते ऐका. त्या एका भाषणानं किती मुलांना काय शिकवलं असतं! त्याऐवजी आलं ते "आठवत नाही", आणि ज्यानं दुसऱ्यांना वाक्याची जबाबदारी घ्यायला शिकवलं त्याच्या तोंडी मला ते वाक्य फार तोकडं वाटतं. खरंच आठवत नसेल अशीही शक्यता आहे, माणूस नको ते विसरतो, पण शोधून काढणं हा भाषणाचा पहिला टप्पा त्यांनीच शिकवलेला ना.

मुलांपुढे नाव घ्यावं का, तर घ्यावं, पूर्ण घ्यावं. ज्युडासची बाजू आणि हा 1942चा कागद, दोन्ही एका तासात शिकवावं. मी पुढच्या वेळी तसंच करणार आहे.

प्रश्न : ताई, मुलुंडहून. माझे बाबा तीस वर्षं शाळेत मराठी शिकवायचे. चाळीच्या गणपतीत त्यांच्या भाषणाला शेजारच्या दोन चाळी यायच्या. आता त्यांना डिमेन्शिया आहे, पाण्याला "ते ओतायचं" म्हणतात, मला कधी कधी "अहो" म्हणतात. येन्स यांना पण हेच झालं होतं असं वाचलं. त्यांचं शेवटी कसं गेलं?

उत्तर : दादा, तुमचा मेसेज मी तीनदा वाचला.

हो, त्यांनाही तेच झालं. 2004च्या आसपास सुरू झालं आणि काही वर्षांत लिहिणं, वाचणं, मग बोलणंही गेलं. पत्नी इंगे येन्स स्वतः मोठ्या अभ्यासक होत्या, जर्मन कादंबरीकार थॉमस मान यांच्या डायऱ्यांच्या संपादनाचं मोठं काम त्यांनी केलं, आणि दोघांनी मिळून 2003 मध्ये काढलेलं मान यांच्या पत्नीचं चरित्र खूप खपलं होतं. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं एकमेकांशी बोलण्यात गेलेला संसार, आणि त्यातला एक आवाज हळूहळू बंद होत गेला. मुलानं, टिलमाननं, 2008 मध्ये जाहीरपणे लिहिलं की त्या पक्षाच्या कागदापासून वडील विसरण्यात पळून गेले. मला मुलाचं दुःख कळतं पण हे पटत नाही, हा मेंदूचा आजार आहे, शिक्षा नाही. तुम्हीही बाबांच्या बाबतीत कुठल्या कर्माचा हिशोब लावत बसू नका, आणि नातेवाईक लावत असतील तर त्यांना थांबवा.

एक गोष्ट मात्र मला कधी विसरता येत नाही. 1995 मध्ये येन्सनी हान्स क्युंग या धर्मशास्त्रज्ञाबरोबर पुस्तक लिहिलं होतं की माणसाला सन्मानानं मरण्याचा हक्क हवा, स्वतःचं भान गेलेलं आयुष्य नको. आणि पुढे भान गेल्यावर, इंगेबाईंनीच सांगितलंय, ते म्हणायचे की मला मारू नका. ठणठणीत असताना जे नको वाटलं होतं ते आयुष्य त्या आजारी माणसाला हवं होतं. गावाकडची एक बाई त्यांची देखभाल करायची, ती त्यांना आपल्या शेतावर घेऊन जायची, तिथे ते जनावरांमध्ये रमायचे. ट्युबिंगेनलाच 9 जून 2013 ला गेले, वय 90.

तब्येत चांगली असताना ते एकदा म्हणाले होते की जर्मन महाकवी गटेची शेवटची कविता विसरलो तरी आइम्सब्युटेलची फॉरवर्ड लाइन मला सांगता येईल, म्हणजे लहानपणी हॅम्बुर्गला ज्या क्लबच्या मॅच बघायला जायचे त्याचे पुढचे खेळाडू. माझ्या आत्याचंही असंच होतं. शेवटच्या वर्षी तिला तिच्या मुलांची नावं येत नव्हती, पण पावकी आणि निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) घडाघडा यायची, आणि म्हणताना उजव्या हाताची बोटं पाटीवर लिहिल्यासारखी मांडीवर फिरायची. तुमचे बाबा त्याच पिढीचे असणार, त्यात मराठीचे शिक्षक. त्यांना काही विचारू नका, "आठवतंय का" तर अजिबात विचारू नका, त्यानं माणूस कोपऱ्यात सापडल्यासारखा होतो. संध्याकाळी शेजारी बसा, पावकी किंवा वर्गात शिकवायचे ती एखादी कविता तुम्हीच मोठ्यानं सुरू करा, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला मधेच थांबा.