जॅब म्हणजे नक्की काय?

इंग्रजी पेपरात 'जॅब' वाचून गोंधळलास ना? साहजिक आहे. ब्रिटनमध्ये लस टोचण्यालाही जॅब म्हणतात, आणि कुणाला टोमणा मारला तरी तो जॅबच. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये मात्र अर्थ एकच: पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. तू उजवखोरा असशील तर डाव्या हाताचा.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- हात गेला त्याच वाटेने गालापाशी परत आण. नवखे तो खाली सोडतात आणि तिथेच मार खातात.
- कोपर बाहेर फाकवू नकोस.
- दुसरा हात हनुवटीजवळच.

ताकद लावायची घाई नको. जॅबने आधी अंतर मोजायला शीक. हुक, अपरकट हे बाकीचे ठोसे नंतर बघू.