व्यायामाचे ध्येय : ‘किती’ आधी की ‘केव्हा’ आधी?

आपण विचारले आहे की, दर जानेवारीत व्यायामाचे ध्येय ठरवतो, वहीत लिहून काढतो आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत सगळे बारगळते; तर ध्येय ठरवल्याने माणूस व्यायामाला खरोखर टिकून राहतो का? मी डॉक्टर नाही, व्यायामशिक्षकही नाही. कोल्हापुरात एका कार्यालयात हिशेबाचे काम करणारा, पन्नाशी ओलांडलेला आणि व्यायाम चार वेळा सोडून पाचव्यांदा धरलेला माणूस आहे. सोडण्याचा अनुभव दांडगा असल्यामुळेच उत्तर देण्याचे धाडस करतो.

ध्येयाचा उपयोग निश्चित होतो, परंतु आपण ते ज्या कामाला जुंपले आहे त्या कामासाठी फारसा होत नाही, असे माझे मत आहे. ध्येय ‘किती करायचे’ हे ठरवते. आपली अडचण मात्र ‘आज जायचे की नाही’ ही आहे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ध्येयाविषयीचे शास्त्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या एडविन लॉक यांनी १९६८ साली आपला मूळ लेख प्रसिद्ध केला आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासोबत हा विचार वाढवला. ‘जमेल तेवढे कर’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड ध्येय दिले, तर माणसाच्या हातून अधिक काम होते, हा त्याचा गाभा. त्यातले मला सर्वांत आवडणारे उदाहरण लॅथम यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या लाकूडवाहू ट्रकांचे आहे. अमेरिकेत ओंडके वाहणारे ट्रकचालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या साधारण ६० टक्केच भार भरत असत. त्यांना ९४ टक्क्यांचे नेमके ध्येय दिल्यावर तो आकडा ९० टक्क्यांच्या आसपास जाऊन पोहोचला. (आपल्याकडच्या ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना हा प्रयोग सांगितला तर ते हसतील, त्यांना भरण्याचे ध्येय देण्याची वेळ कोणावर आलेली नाही.) परंतु या उदाहरणात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. ते चालक रोज सकाळी कामावर येतच होते, कारण ती त्यांची रोजीरोटी होती. ध्येयाने त्यांचा ट्रक जास्त भरला, पण त्यांना अंथरुणातून उठवण्याचे काम ध्येयाकडे नव्हते. व्यायामात नेमके तेच अवघड असते, कारण न गेल्यास पगार कापला जात नाही आणि कोणी विचारतही नाही.

ही गोष्ट मला पुस्तकांनी शिकवण्याआधी तालमीने शिकवली होती, पण ती मी विसरलो. शाळेत असताना दोन वर्षे मी पेठेतल्या तालमीत जात असे. पहाटे हौदातली माती खोऱ्याने उकरायची, मग जोर, मग बैठका, आणि मोठ्या पोरांच्या लढती कडेला बसून पाहायच्या. मला आकड्यांचा नाद तेव्हापासूनचा. एके दिवशी शंभर जोर पुरे केले म्हणून मी मोठ्या ऐटीत वस्तादांना सांगायला गेलो, तेव्हा ते अंगाची माती झाडत म्हणाले, “किती मारलास त्ये ऱ्हाऊ दे. उद्या येनार हाईस का, त्ये सांग.” दुसऱ्या दिवशी हात वर उचलत नव्हते आणि मी गेलो नाही, हे ओघाने आलेच. वस्ताद आकडे देत नसत असे नाही. प्रत्येक पोराला ते आकडा देत आणि तो हळूहळू वाढवतही नेत. मात्र आकडा त्याच पोराला मिळे, जे रोज येत होते, आणि तो त्याच्याकडे पाहून मिळे. येण्याला आकडा नव्हता. येणे हे ठरलेले होते.

कोल्हापूर म्हटले की खाशाबा जाधवांचा विषय निघणारच, कारण ते इथल्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. प्रेरणेवर बोलणारे वक्ते ही कथा ‘केवढे मोठे ध्येय’ अशा थाटात सांगतात. मला त्यात वेगळेच दिसते. ऑलिंपिक चार वर्षांनी एकदा येते. मधल्या प्रत्येक पहाटे केवळ त्या एका दिवसाच्या ओढीने कोणी मातीत उतरत असेल, असे मला वाटत नाही. त्या पहाटा ठरलेला वेळ, ठरलेली जागा आणि सोबतचे गडी यांच्या बळावर निघत असणार. ध्येयाने त्या मेहनतीला दिशा दिली असेल.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी डिसेंबरमधल्या एका दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातले आणि ती सत्तर मिनिटांच्या आत पुरी करण्याचे ठरवले. ध्येय नेमके होते, अवघड होते, तारीखही ठरलेली होती. म्हणजे शास्त्राप्रमाणे सगळे बिनचूक होते. तीन महिने रंकाळ्याभोवती आणि शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या चढांवर मी इमानाने पळलो. अडुसष्ट मिनिटे लागली. पदक गळ्यात घालून मिसळ खाल्ली, पदक खिळ्याला टांगले आणि बूट पलंगाखाली गेले. संक्रांत गेली, महाशिवरात्र गेली, बूट तिथेच. मला ‘कंटाळा’ आलेला नव्हता. उठण्याचे कारण संपले होते, इतकेच.

या अनुभवाला जोड देणारी एक मोठी पाहणी नंतर वाचनात आली. काही अर्थशास्त्रज्ञांनी मॅरेथॉन पुरी करणाऱ्यांच्या सुमारे एक कोटी वेळा तपासल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की चार तासांसारख्या गोल आकड्याच्या अगदी अलीकडे धावपटूंची दाटी असते आणि तो आकडा ओलांडताच ती एकदम विरळ होते. चार तासांना एक मिनिट कमी आणि एक मिनिट जास्त यात शरीराच्या दृष्टीने काहीच फरक नसतो, तरी शेवटच्या टप्प्यात माणूस त्या आकड्यासाठी जिवाचे रान करतो. म्हणजे ध्येयात ओढ आहे, याबद्दल वाद नाही. पण ती जवळ आल्यावर जोरात ओढते, दूर असताना सैल पडते आणि गाठल्यावर सुटते. जानेवारीत ठरवलेले ‘डिसेंबरपर्यंत बारा किलो’ हे ध्येय फेब्रुवारीत किती ओढणार?

वजनाच्या ध्येयाबद्दल तर थोडक्यातच सांगतो: ते आपल्या हातात नसते. आपण चाळीस मिनिटे चालू शकता, पण काटा किती खाली यावा हे ठरवू शकत नाही. आठवडाभर चालून काटा हलला नाही की चालणेच फुकट गेले असे वाटू लागते, आणि ते सोडण्याचे उत्तम निमित्त होते.

पदकाच्या प्रकरणानंतर मी साखळीच्या नादी लागलो. कॅलेंडरवर रोज लाल फुली मारायची आणि एकही दिवस चुकवायचा नाही. हे सुरुवातीला फार छान चालले; १३० दिवसांच्या पुढे गेलो. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. शुक्रवार पेठेतल्या मेहुण्यांच्या घरात पाणी शिरले. त्यांचे सामान हलवणे, नंतर गाळ काढणे, यांत दोन आठवडे गेले. त्या दिवसांत मी घागरी उचलल्या, कपाटे उचलली, आयुष्यात केली नसेल इतकी अंगमेहनत केली. पण कॅलेंडरवर फुली नव्हती, कारण मी ‘चाललो’ नव्हतो! पाणी ओसरले, रस्ते मोकळे झाले, तरी मी पुन्हा बाहेर पडलो नाही. तुटलेली साखळी शून्यापासून मोजायची, या विचारानेच हातपाय गळाले. सात महिने मी काहीच केले नाही आणि मग टाळेबंदी आली.

लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय लागायला किती दिवस लागतात याचा अभ्यास केला होता. ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी गोष्ट रोज करायला सांगितले. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असा अंदाज निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत बदलत होता. ‘एकवीस दिवसांत सवय’ हा जो मंत्र सर्वत्र सांगितला जातो, त्याला या आकड्यांत आधार नाही. माझ्या उपयोगाची गोष्ट मात्र पुढे होती: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नव्हता. हे मला २०१९ मध्ये कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

मग ‘आज जायचे की नाही’ या प्रश्नावर काय चालते? इथे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली एक साधी कल्पना उपयोगी पडते. ‘मी व्यायाम करीन’ असे न ठरवता ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक गोष्ट झाली की मी व्यायाम करीन’ असे ठरवायचे. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. ज्यांना काहीच विशेष सांगितले नाही त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटांचा व्यायाम केला. व्यायामाचे फायदे सांगून ज्यांना प्रेरित केले, त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांनी केला. मात्र फायदे वाचून शिवाय दिवस, वेळ आणि जागा ज्यांनी स्वतः लिहून दिली, त्यांच्यापैकी ९१ टक्क्यांनी केला. हा एका आठवड्यातल्या एका व्यायामाचा हिशेब आहे, वर्षभराचा नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही प्रेरणेच्या भाषणाने काहीच हलले नाही आणि एका ओळीच्या वेळापत्रकाने एवढे हलले, हे मला बोलके वाटते. आपल्या प्रश्नात ‘प्रेरणा’ हा शब्द तीनदा आला आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

आकड्यांचा मोह असेल तर तोही तपासून घ्यावा. दहा हजार पावलांचा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातच ‘दहा हजार पावले’ होती, तिथून तो पसरला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या अमेरिकन महिलांच्या २०१९ मधील पाहणीत सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते आणि ७,५०० च्या आसपास पोहोचल्यावर हा लाभ वाढायचा थांबत होता. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाची आहे, आणि त्यात आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाचीही भर आहे. रात्री साडेअकराला दिवाणखान्यात उरलेली आठशे पावले पुरी करण्यासाठी येरझाऱ्या घालणारा मी एकटाच नसेन. त्याने गुडघे दुखतात आणि घरचे हसतात, बाकी फारसे काही होत नाही.

तेव्हा आपण सध्या आकडा ठरवू नये, असे मी सुचवेन. फक्त वेळ, जागा आणि ज्याच्यामागे व्यायाम जोडायचा ती रोजची गोष्ट एवढेच ठरवावे, आणि दहा मिनिटे झाली तरी ‘गेलो’ असे मानावे. तीन-चार महिने येणे-जाणे बिनबोभाट सुरू राहिले की मग आकडा अवश्य घ्यावा, कारण तोपर्यंत तोच तोच फेरा मारून खरोखरच कंटाळा येऊ लागतो आणि तिथे ध्येय आपले काम चोख करते. तो आकडा आठवड्याचा असावा, दिवसाचा नको, म्हणजे पाहुणे, ताप, लग्नसराई यांना जागा राहते. शर्यतीत नाव घालायचे असेल तर शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचे, तेही नाव घालतानाच ठरवून टाकावे.

माझे सध्याचे वेळापत्रक असे आहे: सकाळी दूध तापवून गॅस बंद केला की बूट घालायचे आणि रंकाळ्याच्या संध्यामठाच्या बाजूला सोबतीच्या दोघांना भेटायचे. जून ते सप्टेंबर, पावसाची झड असेल त्या दिवशी बूट घालून इमारतीचा जिना वीस मिनिटे चढायचा-उतरायचा. फुल्या मारणे बंद केले आहे. मागच्या महिन्यात मी किती किलोमीटर चाललो, हे मला आता सांगता येणार नाही. आज सकाळी गेलो होतो.