‘जास्त जातं का?’ असं विचारू नकोस

चि. डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

वेंगुर्ल्याकडे रुजू झालीस, छान झालं. आता ओपीडीत फिकट चेहऱ्याच्या, जिना चढताना धापा टाकणाऱ्या बायका येतील आणि रक्तवाढीच्या गोळ्या मागतील. द्यायच्याच. पण रक्त जातंय कुठे, तेही बघ.

‘अंगावरून जास्त जातं का?’ विचारलंस तर उत्तर ठरलेलं: ‘ह्या होताच मां बायांका.’ आईचं तसंच, बहिणीचं तसंच. मग जास्त कशाला म्हणायचं? पुस्तकातले ८० मिलिलिटर घरी कोण मोजतंय! काजूच्या कारखान्यात जाणारीला विचार, पाळीत जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसवतं का? रात्री उठून बदलावं लागतं का? रुपयाएवढ्या गाठी पडतात? सात दिवसांच्या वर चालतं?

दिवस गेलेले नाहीत ना, तांबी बसवली आहे का, हे आधी. तांबीने रक्तस्राव वाढतो. पंचेचाळिशी उलटलेली असेल तर तपासणीसाठी वर पाठव, गोळ्यांवर वेळ काढू नकोस.

मूल हवं असलेलीला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, तेही फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत. नको असेल तर माला-एन, ही गर्भनिरोधक गोळी, तुझ्या कपाटातच आहे: पाकिटात २१ संप्रेरकांच्या, ७ लोहाच्या. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, म्हणून कमी जातं. मात्र रक्तदाब, पायात गुठळी झालेली, डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी, यांतलं काही असेल तर ती नाही.

खरी कसोटी कॉलेजातल्या मुलीची. पहिल्या पाळीपासून असंच असेल तर हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं का ते विचार. रक्त गोठण्याचाच दोष असू शकतो. आणि तिला माला-एन दिलीस तर पाकीट बघून आई बिचकेल. वेष्टन काढून सुट्या गोळ्या पुडीत देणारे डॉक्टर मी पाहिलेत. तसं करू नकोस. गावात आशाताई आहे, मेडिकलवाला आहे, दोन दिवसांत कळतं. सरळ सांग: ही गर्भनिरोधक गोळीच आहे, इथे रक्त कमी करायला देतेय, पुढे मूल होण्यात तिची आडकाठी नाही.

गणपतीआधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांसाठी रांग लागेल. रागावू नकोस. नोरेथिस्टेरॉन तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची आणि त्या दिवसांत तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबायचं नाही, एवढं बजाव. मग हळूच विचार, एरवी दर महिन्याला कामाचे खाडे होतात का? ‘होय’ म्हणेल तिला गौरी गेल्यावर हिमोग्लोबिनला बोलाव.

तुझी,
मॅडम