नेहमीप्रमाणे निरंक

प्रिय ताई,
मी अकरा वर्षं एकाच कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. यंदा टीम लीडची जागा तीन वर्षांपूर्वी आलेल्या सहकाऱ्याला मिळाली. तो कामाला वाईट नाही, पण प्रत्येक मीटिंगमध्ये 'मी केलं, मी केलं' चालू असतं. महिन्याचं क्लोजिंग, म्हणजे महिनाअखेरचे हिशेब बंद करायचं काम, नऊ दिवसांवरून चारवर आलं, ते जणू त्याने एकट्यानेच आणलं. मूळ तक्ता माझा होता, त्याने तो सिस्टीममध्ये बसवला. एका सप्लायरची चौदा बिलं दोनदा पास झाली होती, तीही माझ्याच नजरेला पडली आणि पैसे परत आले. साहेबांच्या लक्षात यातलं काहीच नाही. मला स्वतःची टिमकी वाजवायला जमत नाही. काम बोलतं, असंच मानत आले. वार्षिक फॉर्ममध्ये 'विशेष कामगिरी'पुढे मी नेहमीप्रमाणे 'निरंक' लिहिलं होतं, पण तो विषय वेगळा. आता अशा माणसाच्या हाताखाली काम कसं करायचं?
– नाव छापू नये

तो विषय वेगळा नाही हो. तोच विषय आहे.

तुमचं पत्र चार पानांचं होतं आणि त्यातली तीन पानं या सहकाऱ्यावर होती. ती इथे कापली आहेत. जागा नव्हती हे खरं, आणि मला कंटाळा आला हेही खरं. त्या तीन पानांनंतर, जाता जाता, एका ओळीत तुम्ही सांगता की कंपनीने तुम्हाला विचारलं होतं. लेखी विचारलं होतं. रकाना आखून दिला होता. त्यात तुम्ही 'निरंक' लिहून खाली सही केलीत. आणि 'नेहमीप्रमाणे' म्हणजे अकरा वेळा.

तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. एखाद्या शाखेने वर्षभर व्यवहार करून ताळेबंदात शून्य दाखवलं, तर तुम्ही त्याला नम्रता म्हणाल का? कागद परत पाठवाल. चौदा दुबार बिलं हुडकणाऱ्या बाईने स्वतःच्या खात्यावर खोटी नोंद केली आहे, आणि गेली अकरा वर्षं ती तपासलेली नाही.

सहकाऱ्याचं थोडक्यात उरकते. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांचे वाटे मिळवले की बहुतेक जोडप्यांत बेरीज पूर्णाच्या वर जायची. त्यांत कुणी खोटं बोलत होतं असं नाही. स्वतः उपसलेलं काम माणसाला सहज आठवतं, दुसऱ्याचं तितकं दिसलेलंच नसतं. तुमच्या ऑफिसात मात्र गंमत झाली. त्याने शंभर लिहिले, तुम्ही शून्य. बेरीज बरोबर शंभर. ताळा बसला, मग साहेबांना शंका कशाला येईल?

साहेबांचीही बाजू बघा. नाही, बाजू नको, नुसती त्यांची खुर्ची बघा. बढती ठरते त्या खोलीत पाच-सहा जण बसलेले असतात. त्यातले बहुतेक तुम्हाला लिफ्टमधल्या हसण्यापुरते ओळखतात. प्रत्येक साहेब आपापल्या माणसासाठी भांडतो, हातातल्या कागदाच्या जोरावर. तुमच्या साहेबांना भांडायचं असतं, तरी त्यांच्या हातात काय होतं? तुमच्या सहीचा जबाब, की या बाईंनी वर्षभरात विशेष काही केलेलं नाही. काम बोलतं म्हणता, पण त्या खोलीत काम आत जात नाही. कागद जातो.

आता जरा बोचेल असं. तुम्हाला लिहिता येत नाही, हे मला पटत नाही. मला, एका अनोळखी बाईला, तुम्ही नऊ आणि चार आणि चौदा, सगळे आकडे न चुकता कळवलेत. मग फॉर्मवर निरंक का? मला वाटतं, तो रकाना दुसऱ्या कुणीतरी भरावा अशी तुमची इच्छा होती. कुणीतरी फॉर्म वाचून म्हणावं, 'अहो, हे काय लिहिलंत? तुम्ही तर एवढं केलंत!' दरवर्षी तुम्ही साहेबांची परीक्षा घेत होतात, आणि आपण परीक्षेला बसलोय हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. मला तुमचा राग येत नाही. अकरा वर्षं वाट बघणं फार लांब असतं.

एकच काम सांगते. उद्या दुरुस्तीची नोंद करा. साहेबांना मेल: 'यंदाच्या फॉर्ममध्ये विशेष कामगिरीपुढे मी निरंक लिहिलं होतं. ती नोंद चुकीची होती. दुरुस्ती पुढीलप्रमाणे.' आणि खाली तेच, जे मला लिहिलंत.

पण क्रियापदं बदला. तुमच्या पत्रात क्लोजिंग चारवर 'आलं', बिलं नजरेला 'पडली', पैसे 'परत आले'. पैसे आपल्या पायांनी परत आलेले मी तरी पाहिलेले नाहीत. सप्लायरला फोन कुणी केले? खाती कुणी जुळवली? तिथे 'मी' लिहा. 'मी चौदा दुबार बिलं शोधली आणि रक्कम वसूल केली.' सहकाऱ्याचं त्याला द्या: तक्ता मी केला, सिस्टीममध्ये त्याने बसवला. यात टिमकी कुठे आहे? जर्नल एन्ट्रीखाली नॅरेशन, म्हणजे नोंदीचा एका ओळीतला खुलासा, लिहिता ना, तसंच हे: काय केलं, कधी, काय फरक पडला. विशेषण एकही नको. नॅरेशनला आजवर कुणी बढाई म्हटलेलं नाही.

या मेलने गेलेली जागा परत येणार नाही. साहेब कदाचित 'नोटेड' एवढंच कळवतील आणि तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होईल. होऊ दे. पुढच्या वर्षीचा फॉर्म येईल तेव्हा मागच्या पानावर निरंक नसेल. तोवर दर महिन्याचं क्लोजिंग झालं की त्याच दिवशी, खुर्चीतून उठण्याआधी, दोन ओळी एका फाइलमध्ये टाकत जा. वर्षाच्या शेवटी आठवायला बसलात तर शेवटचे दोन महिनेच आठवतील, आणि तुम्ही पुन्हा तोच शब्द लिहाल.

त्याच्या हाताखाली काम कसं करायचं, या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. आधी मेल पाठवा. आणि पाठवल्याचं मला कळवायची गरज नाही. मला सगळं माहीत आहे, तुम्हीच तर सांगितलंत. ज्यांना सांगायचं ते राहिलेत.